वारलेल्या देशाचं बाकडं

नागरिकशास्त्राच्या सरांनी यंदा मनाशी पक्कं केलं होतं, ही शेवटची जागतिक सभा. सातवीचा वर्ग दरवर्षी एक दिवस जग होई, प्रत्येक मूल एकेक देश होई आणि मधल्या सुट्टीच्या जरा आधी जगात शांतता नांदे, कारण ठरावावर सही केल्याशिवाय डबा उघडायचा नाही असा सरांचा दंडक होता. इतकी वर्षं हे चाललं, पण जगाने त्यातून काडीचाही बोध घेतला नाही. सर रोज संध्याकाळी बातम्या लावत आणि अर्ध्यातच आवाज बंद करत. मग हेल्मेट घातलेला बातमीदार धुरासमोर नुसता तोंड हलवत उभा राही. "बिचारा उपाशी दिसतो," सरांची बायको म्हणे.

देश वाटायची त्यांची एक रीत होती. मुलाने उंबऱ्यात उभं राहून भिंतीवरच्या नकाशावर खडू फेकायचा, जिथे डाग पडेल तो देश त्याचा. समुद्रात पडला तर पुन्हा. एकाने लागोपाठ समुद्रच गाठला, तेव्हा सरांनी कंटाळून त्याला एक बेट देऊन टाकलं. नकाशा जुनाट होता. नवा मागितला की मोठ्या बाई म्हणायच्या, "जग तेच आहे ना?"

सभेच्या आदल्या दिवशी टाचणी सरांच्या टेबलाशी आली. ही वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी. टाचणी हे नाव अंगावरून पडलं होतं, जिभेमुळे टिकलं.

"सर, माझा देश वारला."

"असं कसं वारेल?"

"मी जन्मायच्या आधीच गेलाय. हिरव्याने आणि गुलाबीने वाटून घेतला. नकाशावर पिवळा आहे तो नुसता रंग उरलाय."

सरांनी वळून नकाशा पाहिला. मग हळूहळू आठवलं. तो देश गेला तेव्हा ते याच वर्गात तावातावाने बोलले होते, टेबलावर मूठसुद्धा आपटली होती. मूठ लख्ख आठवत होती. देश मेल्याचं मात्र साफ विसरले होते. त्यानंतर इतक्या ठिकाणी इतकं काय काय जळलं की एखादा देश मधल्यामध्ये निसटला. माणूस किती जणांचं सुतक पाळणार?

"दुसरा खडू फेक," सर म्हणाले.

"नको. माझी तयारी झालीय."

"अगं, मेलेल्या देशाला मत नसतं."

"मत नको सर. बाकडं द्या."

वाद घालायचं त्राण नव्हतं. सरांनी बाकडं दिलं, हिरव्याच्या आणि गुलाबीच्या मधोमध. तिथेच रिकामं होतं.

हिरवा म्हणजे पैलवान, गुलाबी म्हणजे वकील. दोघेही नावाला जागणारे. सभा सुरू होताच पैलवानाने दप्तर तिच्या बाकड्यावर आपटलं. "ही बाजू आमची."

"आणि ही आमची. कायदेशीर," वकील म्हणाला.

"आधी बसू तर द्या, मग वाटा," टाचणी म्हणाली आणि बसली. "मला एवढंच सांगा, आमच्या पोस्टमनचं काय केलंत? त्याच्या झोळीतली पत्रं कोणी पोचवली?"

"मला काय विचारतेस? मी सातवीत आहे!"

"बरं वकीलसाहेब, आमची मुलं तुमच्या शाळेत जातात ना? त्यांना इतिहासात काय शिकवता?"

"हेच, की तुम्ही आनंदाने आलात."

"आलो होतो?"

वकिलाने पानं उलटली, पुन्हा उलटली. "ते गाइडमध्ये नाहीये."

वर्ग खो खो हसला. वकील हसला नाही, टाचणीही नाही. तेवढ्यात सरांनी ठराव पुढे सरकवला. मजकूर दरवर्षीचाच: सर्व देशांनी गुण्यागोविंदाने नांदावे. टाचणीने पेन उघडलं.

"हिने सही केली तर मी नाही करणार," पैलवान गुरगुरला. "हिची सही म्हणजे हा देश आहे असं होतं."

"आणि नाही केली, तर ‘सर्व’ खोडा," टाचणी म्हणाली.

मग जग फुटलं. बेटवाले टाचणीकडे गेले, मोठे देश पैलवानाकडे. एका तटस्थ देशाने बाकाखाली डबा उघडल्याचा वास आला, आणि त्यावरून वेगळंच युद्ध पेटलं.

दारात मोठ्या बाई उभ्या राहिल्या, हातात काचेची चौकट. पाहुणे यायचे होते, ठराव फाटकाशी लावायचा होता. "झाल्या का सह्या?"

म्हटलं तर सर दोन शब्दांत शांतता आणू शकत होते. टाचणी, ऊठ. ते शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. ती उठली असती, कारण गुणी मुलगी होती. सगळ्यांनी फटाफट सह्या केल्या असत्या आणि सर या जगातून कायमचे सुटले असते. टाचणी त्यांच्याकडेच बघत होती, पेनाचं टोपण दातात धरून.

"सभा तहकूब," सर म्हणाले. "उद्या पुढे."

"उद्या गणिताचा जादा तास आहे," बाई म्हणाल्या.

"मग त्यात घेऊ."

"आणि या चौकटीत काय लावू, माझं डोकं?"

"बघतो," सर म्हणाले. बाई पाय आपटत गेल्या. घंटा झाली आणि जग डबे घेऊन मैदानात सांडलं.

टाचणी मात्र हलली नाही. "मी उठले की पैलवान दप्तर पसरतो," ती म्हणाली आणि तिथेच डबा उघडला.

सर धप्पकन शेजारच्या बाकावर बसले. सुटका तोंडाशी येऊन परत गेली होती, आणि ती आपणच हाकलली होती.

"त्या पोस्टमनचं खरंच काय झालं गं?"

"मला कुठे माहीत? म्हणून तर विचारलं." तिने डबा त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही तेव्हा होतात ना, सर? तुम्हाला आठवत असेल."

सरांनी घास घेतला. "मूठ तेवढी आठवते," ते म्हणाले.