काकूंचं मत

खानावळीत स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून एक टेबल होतं. तिथे धूर यायचा, भांड्यांचा खणखणाट यायचा, म्हणून कोणी बसायला राजी नसायचं. काकूंनी ते मुद्दाम निवडलं होतं. दारापाशी बसलं की वेटर गप्पा छाटत येतो आणि तोवर सूप गारठतं, असं त्यांचं म्हणणं.

तरी वाटी परत जायचीच. काकू ती एका बोटाने पुढे ढकलायच्या. "यापेक्षा माझे हात गरम आहेत."

खिडकीतून आचारी ओरडायचा, "काकू, उद्यापासून चूलच टेबलावर मांडतो!"

"मांड. निदान मीठ तरी माझ्या हातात राहील."

शेजारी त्यांचे यजमान, शिंपीकाका, मान खाली घालून जेवायचे. पण आचारी हसायचा, काकू गालातल्या गालात हसायच्या आणि दुसरी वाटी खरोखर वाफाळती यायची.

मग बरेच दिवस दोघंही आले नाहीत. शिंपीकाका आले ते एकटेच. वेटरने समोरची खुर्ची पुसत विचारलं, "काकू मागून येतायत?"

"बहिणीकडे गेली आहे. बहीण आजारी आहे," ते बोलून गेले.

बाकी सगळीकडे कळलं होतं, काकू गेल्या म्हणून. जिन्यात शेजारी आवाज खाली आणायचे. कपडे कधी मिळणार, हे विचारायलाही गिऱ्हाइकं संकोचायची. या एकाच जागी कोणीतरी मोठ्याने विचारत होतं, "काकू कधी येणार?" तेवढ्यासाठी शिंपीकाका रोज येत राहिले आणि मेहुणीची तब्येत रोज थोडी थोडी बिघडवत राहिले.

दुपारच्या गर्दीत कोणी ती रिकामी खुर्ची उचलायला आलं, की वेटर आडवा यायचा. "ती आमच्या काकूंची आहे. आल्या आणि खुर्ची दिसली नाही, तर माझं काही खरं नाही."

एके दिवशी आचारी हात पुसत बाहेर आला. टेबलावर त्याने डबा ठेवला.

"डाळीचं सूप नव्या पद्धतीने केलंय. बहीण इथेच राहते ना? मग काकूंना नेऊन द्या आणि खरं काय ते विचारून या. बाकीचे छान छान म्हणतात आणि अर्धं टाकून जातात."

शिंपीकाका डबा घेऊन घरी आले. सूप गरम करून त्यांनी काकूंच्या वाटीत घेतलं. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. ती असती तर काय म्हणाली असती? काहीच सुचेना. जन्मभर जिची बडबड कानांवर पडली, तिचा एक शब्द हवा होता, तर तो मिळत नव्हता. त्यांना भीतीच वाटली. वाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आचारी खिडकीत वाटच बघत होता. "काय म्हणाल्या?"

"छान झालंय म्हणाली."

आचाऱ्याचा डाव हातातच थांबला. "काकू? छान म्हणाल्या?"

"हो. छान."

आचाऱ्याने गॅस बंद केला, बाहेर आला आणि टेबलाशी उभा राहिला.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "कधी झालं हे?"

इथेही आवाज खाली आला. शिंपीकाकांनी टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला. "इथे यायचं थांबलो ना, तेव्हाच. झोपेतच गेली."

आचाऱ्याने समोरची रिकामी खुर्ची टेबलाशी सरळ केली. मग शिंपीकाकाच म्हणाले, "मीठ जास्त होतं रे. आणि डाळ नीट घोटली नव्हती. दाताखाली येत होती."

आचाऱ्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "हां," तो म्हणाला, "आता बोलल्या."

तो आत गेला. खिडकीतून वाटी आली ती इतकी गरम, की हात लावता येईना. शिंपीकाका सूप निवायची वाट बघत बसले.

तेवढ्यात दारातून एक कुटुंब आलं. एक खुर्ची कमी पडत होती. त्यांच्यातल्या माणसाने काकूंच्या खुर्चीवर हात ठेवून विचारलं, "इथे कोणी आहे?"

वेटर आडवा आला नाही. खाली बघत तिथेच उभा राहिला.

"न्या," शिंपीकाका म्हणाले.