मेलेल्याला वन्स मोअर नाही

या, असे जवळ या. खांबाला टेकू नका. कीर्तनात खांबाला टेकणारा माणूस पूर्वरंगातच पेंगतो, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. आज एका बाईची गोष्ट सांगतो. कुठल्याच बुवांच्या आख्यानात ती नाही, म्हणून मलाच सांगायला हवी.

पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती. आमची नाटक मंडळी कऱ्हाडकडची, मालक हिंदुराव. त्यांनी घाईघाईने सैनिकावरचं एक संगीत नाटक बसवलं आणि आम्ही गावोगाव निघालो. मी पायपेटी वाजवायचो. पायाने भाता हलवायचा, हाताने सूर धरायचा. सकाळी ज्या गावी असू तिथल्या देवळात कीर्तनाला साथ, दुपारी नाटकाला. देवाची कृपा, दोन्हीकडे पोटभर सूर मिळाले.

नाटकाच्या शेवटी जखमी होऊन घरी आलेला सैनिक, म्हणजे आमचा गायक नट श्रीनिवास, आईच्या मांडीवर भैरवी गाऊन प्राण सोडायचा. आई व्हायच्या मथुराबाई. भैरवी संपली की थिएटर ओरडायचं, “वन्स मोअर!” मग संगीत नाटकाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मेलेला श्रीनिवास उठायचा, टोपी सारखी करायचा, लोकांना नमस्कार करून पुन्हा गायचा आणि पुन्हा मरायचा. मिरजेत तर एकाच खेळात चारदा मेला. केवढा अभिमान होता आम्हाला त्याचा!

साताऱ्याला खेळ संपल्यावर एक बाई रंगपटात आली. शेतावरची, डोईवर पदर घट्ट. सरळ मथुराबाईंसमोर उभी राहिली.

“तुमचा ल्योक उठला,” ती म्हणाली. “लोकं वरडली आन् उठला. माझा का न्हाई उठला, बाई?”

मथुराबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. तोंडाचा रंग तसाच, बाजूला चहा निवलेला.

त्यानंतरचा मुक्काम पुणं. शनिवार पेठेतलं थिएटर, दुपारचा खेळ, गर्दी तुडुंब. पडदा उघडण्याआधी मथुराबाई मालकांना म्हणाल्या, “आज माझा लेक उठणार नाही.”

“पुण्यात?” हिंदुरावांनी कपाळाला हात लावला. “अहो, पुणेकर एक तर वन्स मोअर देत नाही. दिला, तर तो उपकार समजायचा असतो!”

“समजू की. पण लेक उठणार नाही.”

“मग उद्यापासून तुम्ही मंडळीत नाही. मला मिळेल दुसरी आई.”

“मिळेल ना. नाटकात सगळंच दुसरं मिळतं, मालक.”

मिशी चिकटवता चिकटवता श्रीनिवास घाबरून म्हणाला, “बाई, मग मी काय करू?”

“मर,” बाई म्हणाल्या. “पण नीट मर.”

त्या दिवशी भैरवी अशी लागली, की माझ्याच अंगावर काटा आला. शेवटचा सूर विरला आणि मागून आरोळी आली, “वन्स मोअर!” मग सगळं थिएटरच ओरडायला लागलं. सवयीने श्रीनिवासची मान वर झाली. बाईंनी त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि दाबून धरला.

विंगेतून हिंदुराव मला खुणा करत होते, सूर द्या, सूर द्या! आता सांगा, नारदाच्या गादीवर बुवा उभे असताना साथीदाराने कुणाकडे बघायचं? बुवांकडे, देवळाच्या पंचांकडे नव्हे. मी बाईंकडे पाहिलं आणि भात्यावरून पाय उचलले.

“अहो बाई,” पुढच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, “आम्ही नाटकाला आलोय, सुतकाला नाही!”

हशा पिकला.

“सुतकालाच आलात, दादा,” बाई म्हणाल्या. “बसा.”

“गाऊ द्या त्याला!”

“माझा लेक मेलाय. मेलेल्याला वन्स मोअर नसतो. आवडत नसेल त्यांनी जावं.”

काही जण पाय आपटत गेलेही. शिट्ट्या झाल्या. बाई तशाच, हात तसाच. पडदा ओढणारा भैरू दोरी धरून नुसता बघत राहिला. हळूहळू आवाज बसत गेला. मग माणसं एकेक करून उठली आणि मयताच्या घरातून निघावं तशी, चपला न वाजवता बाहेर पडली.

हिंदुराव शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी स्वारगेटला बाईंची ट्रंक एसटीवर चढवताना म्हणाले, “एक टाळी पडली नाही, बाई.”

“पडली असती, तर वाटलं असतं माझंच कुठंतरी चुकलं,” म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. मागे वळून पाहिलं नाही.

पुढचा खेळ नगरला. आई नवी, भैरवी तीच. “वन्स मोअर” आला. नव्या आईने श्रीनिवासला कोपराने ढोसलं, मालकांनी विंगेतून दात-ओठ खाल्ले. श्रीनिवास उठला नाही. माझे पाय जमिनीवर होते. आता मालक किती जणांना एसटीत बसवणार? तेव्हापासून आमच्या मंडळीत सैनिक एकदाच मरू लागला.

मथुराबाईंना मात्र कुणी परत बोलावलं नाही. पुढे मंडळी मोडली, माणसं पांगली. त्यांचा फोटोसुद्धा माझ्यापाशी नाही. म्हणून तुम्हाला एवढंच मागणं: देवापुढे हात जोडाल, आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांत हेही एक घेत जा. मथुराबाई.