निळ्या खडूची फुली

लेक झोपली की सुनेला जेमतेम तासभर मिळायचा. एरवी त्यात एखाद्या गिऱ्हाइकाचे कपडे बेतून व्हायचे. आज तिने शिवणाच्या टेबलावर विम्याच्या तीन पॉलिस्या पसरल्या आणि निळा खडू उचलला. खडूची फुली पडल्याशिवाय तिची कात्री कधी चालत नसे.

नवरा परांचीवर चढून इमारती रंगवायचा. त्याला मिळणारं काम निम्म्यावर आलं होतं, तिन्ही हप्ते झेपणार नव्हते. एक पॉलिसी सोडायची होती, आणि चार वाजता मामा येणार होते. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, विमा एजंट. तिन्ही पॉलिस्या त्यांनीच गळ्यात मारलेल्या.

"आरोग्याची सोडू," सकाळी बूट चढवताना नवरा म्हणाला होता. "तीन वर्षांत काय उपयोग झाला तिचा?"

"माझे गुडघे काय, कुरकुरतच राहणार," सासूबाईंनी री ओढली. "म्हातारीपायी लेकराची मोडू नका गं."

तिने आरोग्याच्या पॉलिसीतल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचायला घेतलं. जुन्या दुखण्याचा खर्च तीन वर्षं पुरी झाल्यावर मिळणार. ती पुरी होणार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. आत्ता सोडली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून! तीन वर्षं सासूबाई जिना बसत-उठत चढत होत्या.

दुसरी नवऱ्याच्या जिवाची. तो धडधाकट राहिला तर दमडी परत नाही. तशीच वाया जावो बापडी! पण परांची आठवली आणि तिने तो कागद बाजूला सरकवला.

उरली लेकीच्या नावाची, तिच्या शिक्षणासाठीची. पाळण्यातली चिमुकली मूठ तिने डोळे भरून पाहिली आणि कागदावर फुली मारली. मग सासूबाईंसमोरच नवऱ्याला फोन करून तारीख सांगितली.

"तू वाचलंयस ना?" त्याने विचारलं. "मग तू म्हणशील तसं."

चार वाजता आलेल्या मामांनी फुली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "सूनबाई, आई असून लेकीचीच बंद करतेस? भरलेलं सगळं बुडेल."

"बुडू दे, मामा. चुकीचं बेतलेलं शिवत बसले तर दोराही जातो. तिला बाबा हवा, चालती-फिरती आजी हवी. शिकवायला मी आहे, माझं मशीन आहे. कुठे सही करू?"

"ताई, तू तरी समजाव हिला!"

"मी काय समजावू? माझीच समजूत पटली," सासूबाई म्हणाल्या. "तू आपला फॉर्म काढ."

तिने सही केली. सासूबाई गुडघ्यांवर हात रोवून उठल्या, टेबलावरचा खडू घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या.

"वीसच म्हणालीस ना गं?"

"वीसच, आई."

त्यांनी पान उलटलं आणि वीस तारखेभोवती ठसठशीत निळं वर्तुळ काढलं.