दोन सड गोऱ्ह्याचे

श्यामच्या गोठ्यात पाय टाकला आणि शेषरावचं डोकंच फिरलं.

महिन्यापूर्वी त्याने दिलेला गोऱ्हा कोपऱ्यात आखूड दाव्याला बांधलेला होता. तोंडाला मुसकं. बरगड्या वर आलेल्या. समोरच गाय उभी होती, कास तट्ट भरलेली.

"हे काय लावलं बे, श्याम?"

श्याम बादली धूत होता. "या मामा. चहा ठेवाले सांगतो."

"चहा राहू दे. याच्या तोंडाले मुसकं काहून?"

"नाहीतं सारं पिऊन टाकते ना तो! पान्हा सुटेपर्यंत दोन घोट देतो, मंग बांधतो. अन् कुटार टाकतो की त्याच्यासमोर."

"मुसकं बांधून कुटार खाते काय तो? तू खाऊन दाखव बरं!"

आजूबाजूच्या गावांत गायीला गोऱ्हा झाला की लोकांची तोंडं पडत. ट्रॅक्टर आले, आता जर्सी गोऱ्ह्याला कोण विचारतो? कोणी नाल्याकाठी सोडून यायचे. शेषरावची बायको मैना असे गोऱ्हे घरी आणायची, बाटलीने पाजायची आणि मोठे झाले की चांगलं घर पाहून द्यायची. पैसा घ्यायची नाही. चारा खाऊन रवंथ करू लागल्याशिवाय गोऱ्हा द्यायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं.

पावसाळ्यात मैना काविळीने गेली. हा तिने आणलेला शेवटचा गोऱ्हा. त्याला पाजायला बसलं की शेषरावला रडू यायचं. त्याच दिवसांत श्यामच्या गायीचं वासरू मेलं. "तिले लेकरू भेटते मामा, याले माय भेटते," असं श्याम म्हणाला आणि ते शेषरावला पटलं. गोऱ्हा अजून दुधावरच होता, तरी त्याने दिला. परक्या वासराला गायीने जवळ घ्यावं म्हणून त्याच्या पाठीवर मिठाचं पाणीही त्यानेच चोळलं. गाय मिठापायी चाटत राहिली.

शेषरावने मुसकं ओरबाडून काढलं आणि दावं सोडलं.

"मी याले घेऊन चाललो."

"न्या ना," श्याम म्हणाला. "कालवड असती तं मीच पोटभर पाजलं असतं. गोऱ्ह्याले पाजून मले काय भेटते?"

"कालवडीले भूक लागते अन् याले नाही लागत काय रे? लाज वाटत नाही तुले?"

गोऱ्ह्याला ओढत तो फाटकापर्यंत आला, तशी मागे गाय हंबरली. शेषरावने वळून पाहिलं. तिने दाव्याला असा हिसका दिला होता की खुंटा हलला. सडांतून दूध आपोआप खाली ठिबकत होतं. गोऱ्हाही पाय रोवून उभा राहिला आणि बारीक आवाजात ओरडला.

पाठीचं मीठ तर केव्हाच गेलं होतं.

शेषराव तिथेच उभा राहिला. मग तोंडातल्या तोंडात शिवी देऊन त्याने गोऱ्हा परत फिरवला.

"ठेवता ना मंग?" श्याम हसला.

"दात नको काढू. मी रोज दोन्ही धारांले इथं येईन. दोन सड याचे, दोन तुह्ये. हा चारा खाऊन रवंथ करीपर्यंत."

"रोज येसान? कामधंदा नाही काय तुमाले? लोक हासतीन मामा."

"हासू दे. माह्या घरी कोन वाट पाहून राहिलं आता?"

श्यामने धुतलेली बादली उचलली. त्याची आई कौशल्या दारात येऊन उभी होती. "शेषरावभाऊ, दुधाची गाडी यायची वेळ झाली," ती हळूच म्हणाली.

"येऊ द्या, ताई. आधी हा पिईन."

गोऱ्हा कासेला भिडला. गाय मान वळवून त्याची पाठ चाटू लागली. श्याम बादली घेऊन पुढे सरकला तशी शेषरावने काठी आडवी धरली. "थांब. त्याचं होऊ दे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"आई, सांग ना मामाले काही!" श्याम चिडला.

कौशल्याने गोऱ्ह्याच्या बरगड्यांकडे पाहिलं.

"तूच जाय," ती म्हणाली, "अन् गाडीवाल्याले सांग, आजपासून आपलं दूध कमी येईन."