वाफेचं पाणी

२००९च्या चातुर्मासातली गोष्ट. मंचरच्या बाजारपेठेतल्या घरात पीयूष सकाळपासून चौथ्यांदा कॉफी काढत होता. मित्राने वापरून बघायला दिलेलं त्याचं जुनं कॉफीचं मशीन विकत घ्यायचं की परत करायचं, हे आज सांगायचं होतं. त्यात दोन बॉयलर होते, एक कॉफीला आणि दुसरा दुधात सोडायच्या वाफेला. अशा मशिनांत हेच सगळ्यांत स्वस्त, तरी पठ्ठ्याच्या जिवाला चैन नव्हती. कप कडू उतरला की दळण जाड करायचं, आंबट उतरला की बारीक. वहीची अकरा पानं आकड्यांनी भरली होती.

त्याची आई धापूबाई जैन व्रताप्रमाणे उकळलेलंच पाणी प्यायची, आणि तीन प्रहर उलटले की त्यात पुन्हा जीव होतात म्हणून तेही टाकून द्यायची. ती मशीनपाशी येऊन थांबली.

“वाफेचं पाणी कधीचं रे?”

पीयूष अडखळला. त्या बॉयलरमध्ये नवं पाणी भरत राही, पण तळाचं कधी निघतच नसे. त्याने स्पीकरवर मित्राला फोन लावला.

“खालचं पाणी काढायचं कसं?”

“कशाला काढतोस? दोन वर्षं तेच आहे.”

आईने ते ऐकलं. तिने त्याचे वाफेच्या दुधाचे चारही कप उचलले आणि घरच्या भांड्यांपासून लांब नेऊन ठेवले.