पूजेत बसलेली गाण्यांची वही

२००६ सालची खंडेनवमी रविवारी आली आणि नागपूरहून लेकाकडे आलेल्या लताबाईंच्या तावडीतून अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या घरातलं काहीही सुटलं नाही. मिक्सर, सुऱ्या, कात्र्या, केदारचा लॅपटॉप, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. आश्लेषा आंघोळ करून खाली आली तेव्हा सासूबाई पाटावर पुस्तकं मांडून, हात जोडून काहीतरी पुटपुटत होत्या. तिनं कान दिला. सासूबाई इटालियन म्हणत होत्या.

पाटाच्या मधोमध, सरस्वतीच्या तसबिरीपुढे, मिसेस विटमरांची वही होती. विटमरबाई गावातलं समूहगानाचं मंडळ चालवायच्या. त्यांच्या आत्यानं जन्मभर ग्रंथालयं पालथी घालून तीन-चारशे वर्षांपूर्वीची गाणी हातानं उतरवून घेतली होती. वही पुढून उघडली की इंग्रजी, उलटी करून मागून उघडली की इटालियन. त्या वहीला विटमरबाई कुणाला हात लावू देत नसत. झेरॉक्सलाही सक्त मनाई, शिवण उसवते म्हणून. आश्लेषाला दिली, कारण आज संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात ती त्यातलं एक इटालियन गाणं एकटी गाणार होती. अमेरिकेत आल्यापासून डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली ही बाई पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहणार होती, आणि वही समोर नसली तर तिला चार सूरही धड आठवत नव्हते.

"आई, ही वही..."

"अगं, आत तुझ्या अक्षरात स्तोत्र सापडलं," लताबाई खुशीत म्हणाल्या. "अर्थ काही लागला नाही, पण पाठ होत आलंय. तोर्ना, बेन मिओ, तोर्ना. कुठल्या देवीचं गं?"

उच्चार चुकू नयेत म्हणून आश्लेषानं गाण्याचे शब्द देवनागरीत लिहून ती चिठ्ठी वहीत ठेवली होती. आता काय सांगणार, कप्पाळ?

"मला ती वही हवीय आत्ता."

"उद्या दसऱ्याला विसर्जन झालं की घे. पूजेतलं पुस्तक कुणी उघडतं का? लहानपणी अभ्यासातून सुटायचं तेवढं एकच तर सुख होतं आम्हाला."

आश्लेषानं नवऱ्याकडे पाहिलं. "मी जरा कार वॉश करून येतो," म्हणत केदारनं काढता पाय घेतला. गाडी आत्ताच पूजली होती, हेही बिचाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही.

मग तिनं सांगूनच टाकलं. "आज माझा सोलो आहे, आई. त्या वहीतूनच गायचंय."

लताबाईंचे हात थांबले. "एकटी गाणार? आणि मी घरात असून मला पत्ता नाही?"

"फजिती झाली असती तर तुम्ही मालिनीमावशींना फोन केला असता. मग नागपूरभर झालं असतं."

नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण लताबाईंना खोटं जमत नसे. "हो," त्या म्हणाल्या, "केला असता." आणि तोंड फिरवून फुलं सारखी करू लागल्या. "पुढच्या आठवड्यात मी जातेच आहे. मग गा मोकळेपणानं."

आश्लेषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पाटाशेजारी बसून राहिली. लताबाईंचा स्वभाव मात्र अबोला धरण्यातला नव्हता.

"त्या स्तोत्राचा अर्थ तरी सांग."

"स्तोत्र नाही हो ते. जाणाऱ्या माणसाला म्हणतात. परत ये, जिवलगा, परत ये."

लताबाई एकदम ताठ बसल्या. "अगं, मग विसर्जन झालंच की! आपण तरी देवीला निरोप देताना दुसरं काय सांगतो? पुन्हा ये म्हणूनच ना? आणि सकाळपासून मी तिला तेच तर सांगत बसलेय!"

त्यांनी अक्षता टाकल्या, वही किंचित सरकवली आणि सुनेच्या हातात दिली. हे शास्त्रात कितपत बसतं ते विचारायला भटजी तिकडे एडिसन गावात, आणि सणासुदीला त्यांचा फोन लागतो कुठे?

"पण मी येणार," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या रांगेत बसणार."

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पैठणी नेसून त्या खरंच पहिल्या रांगेत बसल्या. विटमरबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावरचं कुंकवाचं बोट चष्मा वर करून न्याहाळलं. आश्लेषाचा जीव टांगणीला. "कुणीतरी यावर कॉफी सांडली होती," बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा हे छान दिसतंय."

पहिल्या ओळीला आश्लेषाचा आवाज कापला. दुसरी ओळ जरा जागेवर आली, आणि जिथे लोक खोकलासुद्धा दाबून धरतात त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वा!"

सगळ्या माना वळल्या. लताबाईंना त्याचं काय? त्या मान डोलवत होत्या आणि ओठांनी शब्द म्हणत होत्या. आश्लेषाला हसू आलं, आणि हसताना भीती कुठल्या कुठे गेली. गळा मोकळा झाला, आवाज हॉलभर भरून राहिला. सासूबाईंचं विमान कधी एकदा उडतं म्हणून गेले कित्येक दिवस ती कॅलेंडरकडे बघत होती, आणि आता ही बाई जाऊच नये असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

"तोर्ना, बेन मिओ, तोर्ना" ही ओळ वहीत एकदाच होती. तिनं ती पुन्हा घेतली, पहिल्या रांगेकडे बघत, गळ्यातली एक हरकत घालून. साथीला पियानोवर बसलेले गृहस्थ दचकले आणि धडपडत तिच्या सुरामागे आले. केदारला सासूबाईंचं तिकीट पुढे ढकलायला सांगायचं, हे तिनं गाता गाताच ठरवून टाकलं.