सिप्री बाजारातली मलिद्याची परात

मी एक जुनी पितळी परात आहे, आणि माझी कल्हई एका ठिकाणी जास्त झिजलेली आहे. काठाशी नाही, मध्यभागीही नाही. काठापासून चार बोटं आत एक गोल पट्टा आहे, तिथे. मलिदा कालवताना हात तिथूनच वळतो.

मित्रांनो, मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर पाच फळं. आमचे बेने इस्राएल लोक, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन तो करतात. सगळे मिळून प्रार्थना म्हणतात, मग सगळे मिळून खातात.

पेणच्या तांबटाने माझा घेर तीस माणसांच्या अंदाजाने धरला. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी लागलेल्या एका फिटरने मला गादीच्या वळकटीत गुंडाळून झाशीला, सिप्री बाजारात आणलं. तेव्हा इथे आमची नऊ घरं होती. नोकरी लागली, मूल झालं, आजारी माणूस उठून बसलं, की मला बोलावणं येई. शेजारच्या लग्नांतही मी पुऱ्यांची कणीक मळायला जाई. "ऐसी परात पूरे मोहल्ले में नहीं," असं बायका म्हणत, आणि मला ते आवडे.

मग घरं कमी झाली. कोणी ठाण्याला गेलं, कोणी इस्राएलला. राहिली दोन: त्या फिटरची नातसून प्रेमला, शाळेतून निवृत्त झालेली, आणि पलीकडच्या गल्लीतले तिचे दीर सॅमसन. दोन वर्षांपूर्वी तिकडे इस्राएलात लढाई पेटली आणि सॅमसनभाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा वातावरण निवळू दे. आपापल्या घरी करू." प्रेमलाने मला पिठाच्या डब्यामागे उभं केलं. पुढचा मलिदा स्टीलच्या वाटीत झाला, दार लावून.

उभ्या परातीला चैन नसतं, मित्रांनो. मालगाडी गेली की मी भिंतीला लागून थरथरते. प्रेमलालाही चैन नव्हतं. दर महिन्याला ती मला बाहेर काढी, फडक्याने पुसे, थोडा वेळ बघत बसे आणि पुन्हा आत ठेवी. "पुढच्या महिन्यात बघू," असं ती स्वतःशीच म्हणे.

गेल्या रविवारी सकाळी कश्मिरा आली. ही ठाण्याची, आमच्यातलीच मुलगी, सैन्यात डॉक्टर, नुकतीच झाशीजवळच्या बबीना छावणीत बदलून आलेली. सॅमसनभाऊजी चहाला आलेलेच होते.

"मावशी, बाबांचं ऑपरेशन नीट झालं. नवस होता, म्हणून मी क्वार्टरमध्ये एकटीनेच मलिदा केला," ती म्हणाली. "आणि वेड्यासारखे दोन किलो पोहे भिजवले."

"दोन किलो? पलटण जेवायला घातलीस की काय?" प्रेमला हसली.

"घरी तेवढेच भिजवतात ना! हाताला दुसरं मापच नाही. शेवटी वॉर्डात वाटला. तिथली सिस्टर म्हणाली, डॉक्टरसाब, ये किसका प्रसाद है?"

"मग?"

कश्मिराने कप खाली ठेवला. "मी म्हटलं, ऐसे ही, घर की मिठाई है."

मग तिने विचारलं, "मावशी, इथे सगळ्यांचा मलिदा कधी असतो?"

"असायचा," सॅमसनभाऊजी घाईने म्हणाले. "आता दिवस बरे नाहीत, बेटा. कोण कशाचा काय अर्थ काढेल, सांगता येत नाही."

"नाव बलाढ्य सॅमसनचं," प्रेमला म्हणाली, "आणि खिडकी वाजली तरी पलंगाखाली!"

"हसा, वहिनी. उद्या काही झालं तर?"

प्रेमला उठली, पिठाचा डबा सरकवला आणि मला ओढून उजेडात आणलं. माझ्यावर हिरवट डाग पडले होते. मित्रांनो, भांडं वापरलं नाही की ते जपलं जातं, असं माणसांना वाटतं. तसं नसतं. पितळ बंद कोपऱ्यातही काळवंडतं. तुमच्या घरात जे चारचौघांचं म्हणून आलं असेल, ते चारचौघांत काढा, घासा, वापरा.

तिने डागावर बोट फिरवलं. "कल्हई करून घ्यावी लागेल."

"म्हणजे?" सॅमसनभाऊजींनी विचारलं.

"म्हणजे येत्या रविवारी मलिदा," प्रेमला म्हणाली. "इथे, माझ्या घरी, दार उघडं ठेवून. शेजारच्या रामकृष्णजींनाही सांगा. कश्मिरा, तुझ्या त्या सिस्टरला घेऊन ये. आणि तिने विचारलं ना, किसका है, तर या वेळी मी सांगेन."